सुताच्या दुसऱ्या टोकाला कोण?

वैद्यांच्या गोष्टी निघाल्या की ही एक हमखास निघते. राणी पडद्यात. तिच्या मनगटाला सूत बांधलेलं आणि सुताचं दुसरं टोक बाहेर बसलेल्या वैद्यबुवांच्या चिमटीत. राजाच्या मनात पाल चुकचुकते. तो दासीला खूण करून ते सूत मांजराच्या पायाला बांधायला लावतो. वैद्यबुवा डोळे मिटतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "महाराज, रुग्णाला औषध नको. एखादा उंदीर मिळाला की बरं वाटेल." कुठे वैद्याच्या जागी हकीम असतो, कुठे राणीच्या जागी बेगम. मांजर मात्र सगळीकडे तेच.

ही गोष्ट वैद्याची थोरवी सांगण्यासाठी सांगतात. मला कौतुक वाटतं ते राजाचं. वैद्याला रोगी दिसू नये म्हणून पडदा, आणि त्याला नकळत रोग्याची अदलाबदल: आजच्या चाचण्यांची निम्मी रीत त्या राजाला ठाऊक होती. चुकला तो दोनच ठिकाणी. त्याने परीक्षा एकदाच घेतली, आणि सूत बांधणारी दासी तिथेच उभी राहिली. तिला हसू आवरलं असेल याची खात्री कोण देणार?

"मला नुसतं बघून माणसाच्या आतलं दुखणं कळतं" असं म्हणणारे लोक आजही भेटतात. कुणी हात फिरवून सांगतो, कुणी फोटोवरून, कुणी अंगात आल्यावर. असा दावा तपासायचा कसा, आणि त्या तपासणीशी लोणावळ्याचा काय संबंध, याची ही माहिती.

आधी दावा नीट ऐकून घ्यावा

"मला सगळं दिसतं" हा दावा तपासताच येत नाही. "कपड्यावरूनही मला एकच मूत्रपिंड असलेला माणूस ओळखता येतो" हा येतो. दोन्हींत फरक इतकाच की दुसऱ्यात चूक होण्याची सोय आहे. मूत्रपिंड एक असतं किंवा दोन; सोनोग्राफीत पाच मिनिटांत कळतं. उलट "तुमच्या पोटात उष्णता साठली आहे" हे वाक्य खोटं ठरवायला जगात यंत्र नाही.

श्रीलंकेत स्थायिक झालेले मूळचे केरळचे अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचं आव्हान जाहीर केलं. बंद पाकिटातल्या नोटेचा क्रमांक वाचून दाखवा, ही त्यातली एक बाब. नोटेचा क्रमांक मोघम सांगता येत नाही, हीच त्यातली खुबी. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं २१ लाखांचं आव्हानही याच धर्तीचं.

अशी आव्हानं बहुतेक वेळा अटींवरच अडतात. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानव यांनी, न सांगता मनातलं ओळखतो म्हणणाऱ्या बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना ३० लाखांचं आव्हान दिलं. तेव्हा जागा कुठली, मांडणी कुणाची यावरच आठवडा गेला. प्रतिआव्हानं झाली, वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, पोलिसांना गुन्हा काही दिसला नाही, आणि चाचणी झालीच नाही. अटी ठरवणं हे चाचणीचं निम्मं काम आहे, पण कॅमेऱ्याला त्यात रस नसतो.

लोणावळ्यातला माणूस

इथे लोणावळ्याचं नाव काढायला हवं. चिक्की आणि धुक्यापलीकडचं लोणावळं फार थोड्यांना माहीत असतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. जन्म १८८३, गुजरातेत डभोईचा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेलं शरीर, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामातला अनुभव, आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे घेतलेली योगाची दीक्षा. हा माणूस संशयवादी अजिबात नव्हता. पक्का श्रद्धावान होता. म्हणून तर त्याची गोष्ट इथे सांगायची.

हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. योगी पाण्यात बसून गुदद्वारातून पाणी आत ओढतो. कसं? जुनं उत्तर प्राणशक्तीचं. कुवलयानंदांनी १९२३-२४ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली करून पाहिल्या आणि आतला दाब मोजला. नौलीत पोटाचे सरळ स्नायू पुढे ताणले गेले की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. पाणी शिरतं ते या पोकळीमुळे. त्यांनी तिला गुरूचंच नाव दिलं: माधवदास पोकळी. एका गूढ शक्तीचा दाबमापकावरचा आकडा झाला, आणि शिष्याला त्यात गुरूचा अवमान वाटला नाही, उलट गौरव वाटला.

प्राणायामाबाबत त्यांनी याहून अवघड पाऊल उचललं. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हे तेव्हा सगळे सांगत आणि आजही योगाच्या निम्म्या वर्गांत सांगतात. कुवलयानंदांनी उच्छ्वासाची हवा गोळा करून तपासली. श्वास खोल होतो खरा, पण तितकाच संथही होतो. त्यामुळे मिनिटाला मिळणारा प्राणवायू वाढल्याचं काही दिसलं नाही. ते त्यांनी आपल्याच नियतकालिकात छापलं. प्राणायामाचा फायदा दुसरीकडे शोधावा लागेल, असं त्याचं तात्पर्य होतं. आपल्याच दुकानातल्या मालाचं वजन गिऱ्हाइकासमोर करणारे दुकानदार थोडे असतात.

खड्ड्यातली समाधी

जमिनीखाली पुरून घेणारे साधू हा गेल्या शतकातला मोठा विषय होता. १९५० साली मुंबईत रामदासजी नावाचे एक साधू ६२ तास जमिनीखालच्या बंद जागेत राहिले. हजारोंची गर्दी लोटली. त्यांची तपासणी करून 'लॅन्सेट'मध्ये टिपण लिहिलं ते डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ज्यांनी १९४९ मध्ये रुग्णांवर मोजून जगापुढे ठेवला, तेच हे वकील. परंपरेतलं काही खरं असू शकतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी पाहिलं ते नोंदवलं. पण एक प्रश्न उरलाच: ती जागा खरोखर हवाबंद होती का?

माती सच्छिद्र असते. विटांची भिंत, भेगाळलेला गिलावा, वरून टाकलेली फळी, यांतून हवा खेळते. या प्रश्नावर कैवल्यधामातच काम झालं. करंबेळकर, विनेकर आणि भोळे या तिघांनी मुद्दाम हवाबंद केलेल्या खड्ड्यात माणसं ठेवून आतल्या वायूंचं प्रमाण मोजलं. तो निबंध १९६८ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला. हवा खरोखर बंद केल्यावर मुक्काम तासांत मोजावा लागला, दिवसांत नाही.

हिशेब आपल्यालाही करता येतो. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा घ्या. आत ४,५०० लिटर हवा, माणसाचं शरीर वजा जाता सुमारे ४,४३०. स्वस्थ पडलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कर्बवायू सोडतो. हवेत हा वायू ७ टक्के झाला की डोकं भणभणतं आणि धाप लागते. ७ टक्के म्हणजे ३१० लिटर, म्हणजे जवळजवळ २६ तास. याचा अर्थ असा की कुठलीही सिद्धी नसलेला पण न घाबरणारा माणूस अशा खड्ड्यात एक दिवस काढू शकतो. बघ्यांना वाटतं, दहा मिनिटांत जीव गुदमरेल. चमत्काराची उंची मोजण्याआधी जमीन किती उंचावर आहे ते बघावं लागतं.

उदयपूरचं उदाहरण याहून मजेदार. सत्यमूर्ती नावाचे योगी आठ दिवस खड्ड्यात राहिले. डॉ. कोठारी आणि सहकाऱ्यांनी हृदयालेखाच्या तारा बाहेर आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हृदयाचा वेग खूप वाढला आणि मग आलेख सरळ रेषेत गेला. तो तसाच राहिला आणि खड्डा उघडायच्या सुमारे अर्धा तास आधी पुन्हा सुरू झाला. हा निबंध १९७३ मध्ये अमेरिकेतल्या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. हृदय पाच-सहा दिवस थांबलं होतं, की आतल्या माणसाने तार सैल करून पुन्हा बसवली? आत दुसरा डोळा नसल्याने सोपं उत्तर बाद करता आलं नाही. यंत्र उत्तम असूनही चाचणी फसते ती अशी.

"हृदय थांबवतो" म्हणणाऱ्यांचा निकाल त्याआधीच बऱ्यापैकी लागला होता. १९३५ मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यंत्र घेऊन भारतात आल्या आणि त्यांना हृदय जवळजवळ थांबल्यासारखं दिसलं. पुढे अमेरिकेहून वेंगर आणि बागची आले, दिल्लीचे बाळकृष्ण आनंद त्यांना मिळाले आणि १९६१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: श्वास कोंडून छाती आवळली की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मनगटावरची नाडी लागत नाही, स्टेथोस्कोपलाही ठोका नीट ऐकू येत नाही, हृदयालेख मात्र चालूच असतो. यातले बसुकुमार बागची हे तरुणपणी परमहंस योगानंदांचे सहकारी स्वामी धीरानंद होते. भगवी वस्त्रं उतरवून ते मेंदूलेखाचे तज्ज्ञ झाले. लोणावळ्याच्या माणसाची आठवण होते ती इथे.

उत्तर रोगीच सांगतो

आता रोग दिसण्याकडे वळू. ऑगस्टात कामशेतच्या एखाद्या सभागृहात शंभर माणसं बसवा आणि कुणाकडेही बोट दाखवून म्हणा, "छातीत कफ आहे." मावळातल्या पावसात निम्म्या वेळा तरी खरं ठरेल. पन्नाशीच्या बाईला गुडघे, रोज पुण्याला लोकलने जाणाऱ्या माणसाला कंबर आणि पित्त, विडी ओढणाऱ्याला खोकला. याला दिव्यदृष्टी लागत नाही.

शिवाय माणूस बोलतो. "डाव्या बाजूला काहीतरी..." एवढं म्हणून थांबलं की समोरची व्यक्ती स्वतःच वाक्य पुरं करते: "हो, डावा खांदा! दोन महिने झाले." घरी गेल्यावर ती सांगते, महाराजांनी न विचारता खांदा सांगितला. ती खोटं बोलत नाही, तिची आठवणच तशी जुळून आलेली असते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता.

तिसरी वाट डोळ्यांची. चांगला डॉक्टर रुग्ण दारातून आत येतानाच बरंच ओळखतो. पिवळसर डोळे, टोकाशी फुगलेली बोटं, एक हात न हलवता चालणं. हे कसब खरं आहे आणि पुष्कळदा ते नकळत चालतं. त्यामुळे "मला आतून जाणवलं" म्हणणारा माणूस प्रामाणिक असून त्याला दिव्यदृष्टी नसणं हेही शक्य आहे. चाचणीचं काम त्याला लबाड ठरवण्याचं नाही. जाणीव कुठल्या वाटेने आली, एवढंच शोधायचं.

न्यूयॉर्कमधली सात माणसं

या विषयातली जगभर गाजलेली चाचणी मे २००४ ची. रशियातल्या सारान्स्क गावची नताशा डेमकिना तेव्हा १७ वर्षांची होती. आपल्याला माणसाच्या शरीराच्या आतलं दिसतं, असं ती सांगे. तिच्या घरी रांगा लागत. एका दूरचित्रवाहिनीच्या माहितीपटासाठी तिला न्यूयॉर्कला नेलं आणि रे हायमन, रिचर्ड वाइझमन, अँड्र्यू स्कोल्निक या तिघांनी चाचणी मांडली.

सात माणसं ओळीने बसवली, डोळ्यांवर काळे झाकलेले चष्मे. एकाच्या कवटीत शस्त्रक्रियेनंतर बसवलेला धातूचा पत्रा, एकाचा खुब्याचा सांधा कृत्रिम, एकाच्या छातीच्या हाडात शस्त्रक्रियेचे टाके, एकाचं अपेंडिक्स काढलेलं, एकाच्या फुप्फुसाचा भाग काढलेला, एकाच्या अन्ननलिकेचा. सातवा धडधाकट. नताशाने सात कागद सात माणसांना जुळवायचे. पाच जुळले तर दावा पुढच्या तपासणीला पात्र, हे आधी लिहून ठरलेलं होतं. चार तासांहून जास्त वेळ घेऊन तिने चार जुळवले. कवटीतला पत्रा तिला सापडला नाही.

वाद इथे सुरू झाला. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले ब्रायन जोसेफसन म्हणाले, चार जुळणं ही काही साधी गोष्ट नाही. गणित त्यांच्या बाजूने आहे. सात चिठ्ठ्या सात माणसांना वाटण्याचे ५,०४० प्रकार आहेत आणि त्यातल्या ९२ प्रकारांत चार किंवा अधिक जुळतात, म्हणजे पंचावन्नांत एकदा. पाच किंवा अधिक जुळणं मात्र केवळ २२ प्रकारांत, म्हणजे सव्वादोनशेंत एकदाच. परीक्षकांचं म्हणणं, रेषा आधी आखली होती आणि ती सर्वांनी मान्य केली होती. शिवाय म्हातारा माणूस कृत्रिम खुब्याचा असणार हे कुणीही ताडेल, चेहऱ्यावरून आणि बसण्यावरून आणखी एक-दोन अंदाज बांधता येतील. मग पंचावन्नांत एक हे प्रमाण उरत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना वादाला जागा उरली ती चाचणी लहान होती म्हणून, आणि माणसं डोळ्यांसमोर बसली होती म्हणून. राजाने निदान पडदा तरी लावला होता. कवटीतला पत्रा हुकणं मात्र मला त्या गणिताहून जास्त बोलकं वाटतं. हाडापलीकडचं पाहणाऱ्या डोळ्याला धातू सगळ्यात आधी दिसायला हवा.

मोठ्या संख्येचं महत्त्व एका लहान मुलीने दाखवलं होतं. अमेरिकेतली एमिली रोझा नऊ वर्षांची होती तेव्हा तिने शाळेसाठी प्रयोग केला. हात न लावता रुग्णाचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं, असं म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिने पुठ्ठ्याच्या आडून दोन्ही हात बाहेर काढायला लावले. ती त्यांच्या एका हातावर आपला हात धरी: कुठल्या? नाणं उडवून ठरवी. २८० वेळांपैकी १२३ वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज केला असता तर १४० आले असते. १९९८ मध्ये हे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. खर्च पुठ्ठ्याचा.

पुण्यातल्या २०० कुंडल्या

घरचं उदाहरण २००८ चं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या मांडल्या, सरमिसळ केली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवल्या: कुठली कुणाची ते सांगा. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सर्वांत जास्त गुण २४, सरासरी २० च्या खाली. सगळ्या २०० कुंडल्या पाहणाऱ्या एका संस्थेचे १०२ बरोबर. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, त्यामुळे दावेदाराच्या बाजूने बोलता येईल असा माणूस मांडणीच्या टेबलावर होता. रोगदृष्टीची चाचणी मांडायची तर हाच नमुना घ्यावा.

मावळात चाचणी घ्यायची तर

समजा पवन मावळातल्या एका गृहस्थांचं म्हणणं आहे की पित्ताशय काढलेला माणूस त्यांना कपड्यांवरून कळतो. पहिली अडचण शहाण्या माणसाच्या लक्षात यावी: पवन, नाणे, आंदर, तिन्ही मावळांत कोण तळेगावला कशासाठी दाखल झालं होतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून बसणारी माणसं इथली नकोत. जुन्नरची आणा, सासवडची आणा. आणि ती त्याच लोकलने येऊन स्टेशनावर दावेदाराच्या भाच्यासोबत चहा पिणार नाहीत, एवढं बघा.

४० माणसं. प्रत्येक जागेवर पित्ताशय असलेला बसेल की नसलेला हे नाणेफेकीने ठरवा, आपल्या डोक्याने ठरवू नका. आपलं डोकं दोन-दोनच्या जोड्या लावतं आणि समोरचा त्या हेरतो. पोट आणि छाती झाकणारी एकसारखी चादर, चेहऱ्यासमोर पडदा, बोलणं बंद. कोण काय आहे हे माहीत असलेला माणूस त्या खोलीत नको, दारातही नको. ती सुताची दासी आठवा. उत्तरांचं पाकीट मोहोरबंद करून दोन्ही पक्षांना न ओळखणाऱ्या तिसऱ्याकडे.

मग गुणांची रेषा. नुसत्या अंदाजाने ४० पैकी सरासरी २० येतील. २८ किंवा अधिक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे १२० त एक. २८ ची रेषा दोघांनी सही करून मान्य करावी. आणि १२० त एक म्हणजे कधीच नाही असं नव्हे. शंभर-सव्वाशे दावेदार आले तर त्यातला एखादा नशिबाने पास होण्याचीच शक्यता जास्त, म्हणून पास झालेल्याची दुसऱ्या माणसांवर फेरपरीक्षा.

एक पायरी बहुतेक लोक विसरतात. आधी उघड फेरी घ्यावी. कोण कसा आहे हे दावेदाराला सांगून टाकायचं आणि विचारायचं, "चादरीतून, पडद्यातून, आज, इथे तुम्हाला दिसतंय का?" तो "हो, स्पष्ट" म्हणाला की मगच बंद फेरी. नाहीतर निकालानंतर "आज अमावास्या होती", "संशयी माणसांमुळे लहरी बिघडल्या" ही वाक्यं ठेवलेलीच असतात. उघड फेरीत संशयी माणसं तीच असतात आणि तिथीही तीच.

नाडीपरीक्षेलाही हे लावता येतं. पडद्याआडून तोच हात त्याच वैद्यांना दुपारी पुन्हा द्यायचा, न सांगता. सकाळचं आणि दुपारचं निदान जुळतं का? या तऱ्हेच्या तपासण्या आयुर्वेदाच्याच अभ्यासकांनी परदेशी विद्यापीठात केल्या आहेत आणि जुळणी फार बरी निघालेली नाही. लोणावळ्याच्या माणसाने हे आधी आपल्याच घरी करून पाहिलं असतं, असं मला वाटतं.

काविळीची माळ आणि पायाळूची लाथ

काही दाव्यांना एवढा थाटमाट लागत नाही. कावीळ झालेल्याच्या गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालतात. ती दिवसागणिक लांब होत बेंबीपर्यंत येते आणि कावीळ उतरली म्हणतात. तशीच दुसरी माळ भिंतीवरच्या खुंटीला टांगा. तीही लांब होते. काड्या वाळून बारीक होतात आणि दोऱ्याचे वेढे सैल पडतात. खुंटीला कावीळ नसते. हात धुताना चुन्याच्या निवळीत पिवळं पाणी उतरतं, त्याचंही तेच: हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. निरोगी माणसाचे हात तसेच धुवून पाहावेत.

उसण भरली की पायाळू माणसाची हलकी लाथ मारून घ्यायची पद्धत अजून मेलेली नाही. उसण तशीही दोन-चार दिवसांत सुटते. लाथ मारणारा खरंच पायाळू होता की डोक्याकडून जन्मलेला शेजारी, हे रोग्याला न सांगता कुणी मोजलं तर गंमत येईल. यात नुकसान फार नाही.

नुकसान कुठे आहे ते भातखाचरात कळतं. सापांपैकी बहुतेक बिनविषारी, विषारी सापाचा दंशही कधी कोरडा जातो. त्यामुळे भगताकडे नेलेली पुष्कळ माणसं बरी होतात आणि भगताचा लौकिक वाढतो. घोणस किंवा मण्यार चावलेल्याच्या वाट्याला मात्र गेलेला वेळ येतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे स्पष्ट आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणं, बोटाने शस्त्रक्रिया करतो म्हणणं, गर्भाचं लिंग बदलून देतो म्हणणं, हे त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. त्याचा अध्यादेश निघाला तो या कायद्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाल्यानंतर चार दिवसांनी.

बारा टी-शर्ट

शेवटचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या जॉय मिल्न या निवृत्त परिचारिकेचं. त्यांच्या डॉक्टर नवऱ्याच्या अंगाला एक वेगळा, कस्तुरीसारखा उग्र वास येऊ लागल्याचं त्यांना जाणवलं होतं. दहा-बारा वर्षांनी त्याला पार्किन्सनचं निदान झालं. पुढे रुग्णांच्या एका बैठकीत तोच वास सगळीकडून आला. एका व्याख्यानानंतर त्यांनी एडिंबराचे शास्त्रज्ञ टिलो कुनाथ यांना विचारलं, या रुग्णांना वेगळा वास का येतो? कुनाथ यांनी प्रथम ते कानाआड केलं. वासावरून रोग सांगणारी बाई म्हटल्यावर आपणही केलं असतं.

मग त्यांनी चाचणी मांडली. सहा रुग्ण आणि सहा निरोगी माणसांनी दिवसभर घातलेले बारा टी-शर्ट. माणूस समोर नाही, चेहरा नाही, चाल नाही, बोलणं नाही. फक्त क्रमांक. जॉयबाईंनी सहाही रुग्ण बरोबर ओळखले. शिवाय सातवा टी-शर्टही त्यांनी रुग्णाचाच म्हटला आणि तो निरोगी गटातल्या माणसाचा होता. बारापैकी अकरा. बाई त्या सातव्यावर अडून बसल्या.

आठेक महिन्यांनी त्या सातव्या माणसाने कुनाथ यांना कळवलं की आपल्याला पार्किन्सनचं निदान झालं आहे.

त्यानंतर मँचेस्टरच्या पर्डिता बॅरन यांच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या पाठीवरचा तेलकट थर कापसाने टिपून त्यातले रेणू वेगळे करण्याचं काम सुरू झालं. पहिला निबंध २०१९ मध्ये आला. जॉयबाई त्या कामात नाक घेऊन हजर होत्या: यंत्रातून निघालेला एकेक वास हुंगून त्या सांगत, हा तो नव्हे, हा तो नव्हे, हा.